आडनाव आधी की नाव आधी: परभणीहून लाइपझिगला एका सत्रासाठी

एम.ए. मानसशास्त्राचे तिसरे सत्र जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात पूर्ण करून मी मार्च २०२४ मध्ये परभणीला परत आले. प्रक्रिया मात्र संपली ती त्यानंतर चार महिन्यांनी, जेव्हा त्या सत्राचे गुण माझ्या इथल्या गुणपत्रिकेवर उमटले. अर्ज करताना मला मराठीत सलग माहिती कुठेही मिळाली नव्हती, आणि घरात यापूर्वी कोणी पासपोर्टही काढलेला नव्हता. म्हणून घडले त्या क्रमाने सगळे लिहून ठेवते आहे.

सुरुवात ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी औरंगाबादला, माझ्या विद्यापीठात, विभागाच्या फलकावर युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतील विद्यार्थी देवाणघेवाणीची सूचना लागली होती. शिक्षणशुल्क नाही, दरमहा ८५० युरो शिष्यवृत्ती आणि अंतरानुसार प्रवासखर्च ८२० युरो, असे त्यात लिहिलेले होते. मी ती सूचना दोन दिवस वाचत राहिले आणि सुट्टीत घरी गेल्यावर बाबांना सांगितली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्याकडे लहान मूलसुद्धा बोलते. बाबा म्हणाले, “इतकी वर्षं नुसतं म्हणायलोत, तू एकदा बघून तरी ये.” त्यांच्या होकारासाठी मी मनात बरीच वाक्ये जुळवून ठेवली होती, त्यांतले एकही वापरावे लागले नाही.

अर्जासोबत हेतुपत्र द्यायचे होते. माझा पहिला मसुदा अगदी सर्वसाधारण झाला. विभागातील सरांनी तो परत दिला आणि “तुम्हाला तिथेच का जायचे आहे, तेवढेच लिहा,” असे सांगितले. लाइपझिगमध्ये विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा सुरू केली, हे वाक्य आपण सगळे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला पाठ करतो. त्या प्रयोगशाळेत घडलेले ह्यूगो म्युन्स्टरबर्ग पुढे हार्वर्डला गेले, तिथे त्यांच्याकडे नरेंद्रनाथ सेनगुप्ता शिकले आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग उभा राहिला. आपण प्रात्यक्षिकात प्रतिक्रियाकाळ मोजतो, त्याचे मूळ या साखळीत आहे. एवढे लिहूनही पत्र अपुरे वाटत होते, कारण जावेसे वाटण्याचे माझे खरे कारण दुसरे होते.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी आम्ही पाथरी तालुक्यातल्या दोन गावांत नैराश्याच्या नऊ प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावली मराठीत करून फिरवली होती. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. “गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटले का?” असे मी एका आजींना विचारले. त्या निवडत होत्या ती तूर बाजूला सारून म्हणाल्या, “उदास कशाला वाटंल? करमत नाही बघ, लेकरा.” मी पेन धरून बसले होते आणि ते उत्तर चारही चौकटींपैकी कोणत्या चौकटीत लिहावे हे मला समजत नव्हते. शेवटी मी ‘काही दिवस’ या चौकटीवर खूण केली, आणि ती खूण चुकीची असल्याचे मला तेव्हाही ठाऊक होते. हा प्रसंग मी पत्रात लिहिला. २० जानेवारी २०२३ रोजी मुलाखत झाली, आणि मुलाखतीतले निम्मे प्रश्न त्या आजींविषयीच होते. हेतुपत्र लिहिणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, विद्यापीठाचे कौतुक एका परिच्छेदात आटोपावे आणि उरलेली जागा स्वतःला पडलेल्या प्रश्नाला द्यावी.

निवड झाल्यावर मार्चमध्ये पासपोर्टचा अर्ज केला. छत्तीस पानी पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये होते. मी वसतिगृहात राहत असले तरी पत्ता परभणीच्या घराचा दिला, कारण पोलीस पडताळणी पत्त्यावर होते आणि शेजारी ओळखणारे असले की ती लवकर उरकते. माझी पडताळणी तीन आठवड्यांत झाली आणि एप्रिलच्या अखेरीस पासपोर्ट हाती आला.

खरी अडचण पुढे होती. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रापासून सगळीकडे आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव (गिव्हन नेम) अशा दोन वेगळ्या ओळी असतात. आमच्या विद्यापीठाने माझे नामांकन, म्हणजे निवड झाल्याचे तिकडे कळवण्याचा अर्ज, गुणपत्रिका पाहून भरले, त्यामुळे ९ जून रोजी लाइपझिगहून आलेल्या प्रवेशपत्रावर माझे आडनाव हेच माझे नाव झाले होते आणि बाबांचे नाव माझे आडनाव. व्हिसासाठी प्रवेशपत्र आणि पासपोर्ट तंतोतंत जुळावे लागतात. दुरुस्तीसाठी मी तिकडे लिहिले तर त्यांनी नामांकन करणाऱ्या विद्यापीठाकडून पत्र मागितले, आणि इकडे संबंधित कर्मचारी रजेवर होते. दुरुस्त पत्र येईपर्यंत एकोणीस दिवस गेले. त्या दिवसांत मी परभणीच्या न्यायालयाबाहेर शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, ही तिन्ही प्रकारे लिहिलेली नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे इंग्रजीतले प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतले. टंकलेखनासह ४५० रुपये लागले. सगळ्या खर्चांत सर्वाधिक उपयोगी पडलेला खर्च हाच होता. त्याच्या सहा प्रती मी पुढे वेगवेगळ्या खिडक्यांवर दिल्या.

त्यातच शहराच्या नावाची भर पडली. पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेवर औरंगाबाद होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे नाव बदलल्यामुळे आमच्या विद्यापीठाच्या जूनमधल्या पत्रावर छत्रपती संभाजीनगर होते. ही दोन वेगळी विद्यापीठे आहेत का, अशी विचारणा तिकडच्या कार्यालयातून झाली. विभागप्रमुखांनी चार ओळींचे खुलासापत्र दिले, त्याला शासनाच्या अधिसूचनेची प्रत जोडली आणि प्रश्न मिटला. मराठवाड्यातून अर्ज करणाऱ्यांनी हे पत्र आधीच तयार ठेवावे.

लर्निंग अॅग्रीमेंट या कागदाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचे लक्ष व्हिसाकडे असते आणि हा कागद औपचारिकता समजून भरला जातो. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय मान्य होणार, हे त्यात लिहायचे असते आणि त्यावर विद्यार्थी व दोन्ही विद्यापीठे अशा तिघांच्या सह्या लागतात. तिकडची श्रेयांक पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. जर्मनीत एका श्रेयांकामागे साधारण तीस तासांचे काम धरतात, त्यात घरी केलेले वाचनही येते. एका सत्राला तीस श्रेयांक अपेक्षित असतात. मानसशास्त्राचे बरेच विषय जर्मन भाषेतच शिकवले जातात, म्हणून इंग्रजीतले विषय शोधून मी चार विषयांचे वीस श्रेयांक ठरवले. आमच्याकडच्या सह्या मिळायला पाच आठवडे लागले. मी दर सोमवारी जाऊन फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारत असे. ज्या बाईंकडे आवक-जावक नोंदवही होती, त्यांनी तिसऱ्या सोमवारी मला बसायला खुर्ची दिली आणि फाइल स्वतः आत नेली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. एक चूक मात्र माझ्याकडून झाली. चौथा विषय आमच्या प्रात्यक्षिकाच्या बदल्यात मान्य होईल, असे मला तोंडी सांगितले गेले आणि मी ते लेखी घेतले नाही.

व्हिसाची भेट ११ जुलैची मिळाली. तेव्हा भेटीच्या तारखा संकेतस्थळावर केव्हाही उघडत आणि लगेच भरत, म्हणून मी सकाळी सहा वाजता उठून पाहत असे. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला) लागते; युरोपीय शिष्यवृत्तीमुळे मला त्यातून सूट होती. पैशांचा हिशेब मात्र अडला. त्या वर्षी दरमहा ९३४ युरो दाखवणे आवश्यक होते आणि माझी शिष्यवृत्ती ८५० युरो होती. महिन्याला ८४ याप्रमाणे सहा महिन्यांचा ५०४ युरोंचा फरक मी गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, भरला. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बाबा आणि मी मुंबईला पोचलो. कागदांचे दोन संच पासपोर्टच्या नावाप्रमाणे लावलेले होते. खिडकीवरच्या ताईंनी सगळे पाहून विम्याच्या कागदावर बोट ठेवले, कारण विमा १ ऑक्टोबरपासून होता आणि प्रवास २४ सप्टेंबरचा. शेजारच्या दुकानात बसून विम्याची तारीख बदलून घेतली आणि नवी प्रत काढून दिली, तोवर दुपार झाली होती. बाबा बाहेर पदपथावर डबा मांडीवर घेऊन बसून होते; मी आल्याशिवाय त्यांनी तो उघडला नव्हता.

त्यानंतर फक्त वाट पाहणे होते. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलात असताना पाऊस गेला आणि बाबा रोज संध्याकाळी शेतातून येऊन आधी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे पाहत. काही आले का, असे दोघेही एकमेकांना विचारत नव्हतो. विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट ६१ हजारांचे होते. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता तिकडे पोचल्यावरच मिळतो, त्यामुळे तिकीट आधी स्वतःच्या पैशांतून काढावे लागते. भाव वाढतील म्हणून आदल्या वर्षीचे पंधरा क्विंटल सोयाबीन घरात ठेवलेले होते. ते पावणेपाच हजारांच्या आसपासच्या भावाने विकून हे पैसे उभे केले. शिष्यवृत्ती असली तरी हाताशी लाख-सव्वा लाख रुपये असल्याशिवाय हे जमत नाही, ही गोष्ट सूचनाफलकावर कोणी लिहीत नाही.

५ सप्टेंबर रोजी व्हिसासह पासपोर्ट घरी आला. २२ तारखेला महालक्ष्म्यांचे जेवण झाले आणि २३ च्या रात्री मी निघाले. आईने येसर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि तुपाचा डबा भरून दिला. बाहेरून युरोपीय संघात दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तुपाचा डबा मला तिच्यासमोर बाहेर काढावा लागला. आधीच सांगितले असते तर बरे झाले असते.

फ्रँकफर्टला उतरून रेल्वेने लाइपझिगला पोचले. विद्यार्थी वसतिगृहात खोली आधीच घेतली होती. भाडे महिना २९० युरो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे, म्हणजे इथे वसतिगृहाचे, लेखी पत्र लागते. ही नोंद झाल्यावर बँक, मग विमा, मग शिष्यवृत्ती असा क्रम असतो. आरोग्यविम्याला तेव्हा महिना सुमारे १२० युरो जात. रेडिओ-दूरचित्रवाणीसाठी दर घरामागे सक्तीची वर्गणी असते, ती तेव्हा महिना १८.३६ युरो होती. आम्ही तिघी एका घरात होतो, म्हणून ती वाटून भरली.

बँकेचे कार्ड तीन आठवडे आले नाही. मी बँकेत गेले तेव्हा कळले की त्यांनी पाठवलेले पाकीट परत आले आहे. तिथे पोस्टमन खोली क्रमांकावर पत्र टाकत नाही. पत्रपेटीवर आडनाव लिहिलेले असावे लागते. माझ्या पेटीवर आधीच्या मुलीचे आडनाव तसेच होते. त्या संध्याकाळी मी कागदाची पट्टी कापून तीवर फक्त आडनाव लिहिले आणि चिकटपट्टीने पेटीवर लावले. नावाच्या क्रमासाठी इतके भांडून, शेवटी मला ओळखपत्र म्हणून चार बोटांएवढा कागद लागला. कार्ड पाचव्या दिवशी आले आणि शिष्यवृत्तीचा हप्ता २६ ऑक्टोबरला जमा झाला. पहिल्या महिन्यासाठी किमान ९०० युरो सोबत ठेवावेत.

वर्ग ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाले. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकावर मुठीने ठकठक करतात, हे पहिल्या दिवशी दचकवून गेले. तिथे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इतरांच्या प्रयोगांत सहभागी म्हणून काही तास द्यावे लागतात. माझ्यावर ते बंधन नव्हते, तरीही मी अकरा तास दिले आणि प्रश्नावली भरणाऱ्या बाजूला बसल्यावर प्रश्न किती वेगळे ऐकू येतात ते अनुभवले. वुंट यांची मूळ संस्था ४ डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली, त्यामुळे ती खोली पाहता येत नाही. शहराच्या दक्षिणेकडील मोठ्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे, तिथे मी एका रविवारी जाऊन आले.

नोव्हेंबरपासून मला त्रास होऊ लागला. २९ ऑक्टोबरला घड्याळे मागे गेली आणि घरच्या वेळेशी साडेतीन तासांचे अंतर साडेचार तासांचे झाले. १२ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनाला मी फोनवर अंगणातल्या पणत्या पाहिल्या. डिसेंबरमध्ये चार वाजताच सूर्य मावळत असे. मी स्वयंपाकघरात जाणे टाळू लागले, कारण तिथे कोणीतरी भेटे आणि बोलावे लागे. आई रोज विचारायची, “करमायलंय का गं तिथं?” आणि मी हो म्हणायची. मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलीने मदत मागावी की नाही, यात मी तीन आठवडे घालवले. ते घालवायला नको होते. विद्यार्थी सेवा संस्थेचे समुपदेशन विनामूल्य असते आणि इंग्रजीतूनही मिळते. मला बारा दिवसांनंतरची वेळ मिळाली.

समुपदेशक बाईंनी नेमके काय होते असे विचारले. मी उदास, एकटी, घराची आठवण, असे इंग्रजी शब्द एकामागून एक वापरून पाहिले आणि प्रत्येकानंतर माझी मान नकारार्थी हलत होती. शेवटी मी त्यांच्या कागदावर देवनागरीत ‘करमत नाही’ असे लिहिले. त्यांनी त्याचा अर्थ विचारला आणि मी वीस मिनिटे बोलत राहिले: हे दुःख नव्हे, यात रडू येत नाही, हे जागेचे आणि माणसांचे असते, वेळ अंगावर येतो, हाताला काम असले तरी मन तिथे बसत नाही, आणि ते एखाद्याच्या येण्याने क्षणात जातेही. बोलता बोलता पाथरीच्या आजी आठवल्या. त्यांचा मुलगा ऊसतोडीला गेलेला होता, हे मी त्या दिवशी ऐकले होते आणि प्रश्नावलीत त्यासाठी जागा नव्हती म्हणून लिहिले नव्हते.

त्या रात्री मी आईला पहिल्यांदा “नाही करमायलं” असे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “ज्वारीचं पीठ मिळतंय का बघ आधी.” शहरात एका दुकानात ते मिळाले. भाकरी थापताना तिचे तुकडे पडले, पण घरातल्या दोघी मुली स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि आम्ही येसराच्या आमटीत ते तुकडे कुस्करून खाल्ले. समुपदेशनाच्या एकूण तीन भेटी झाल्या. जानेवारीत बर्फ पडला तेव्हा मी बरी होते.

एका चर्चासत्रासाठी लिहायच्या निबंधाचा विषय मी तोच घेतला: प्रश्नावलीचे भाषांतर करताना लोकांचे स्वतःचे शब्द कुठे हरवतात. मानसशास्त्रातले बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, श्रीमंत समाजांतल्या सहभागींवर बेतलेले आहेत, ही टीका २०१० पासून जोरात होत आहे; मी ती माझ्या एका चुकलेल्या खुणेपासून मांडली. निबंध १० मार्चला दिला आणि १६ मार्चला परत आले.

गुणांचा उतारा ३ मे रोजी आला. तो घेऊन मी परीक्षा विभागात गेले. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी असते, ४.० पर्यंत उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. माझ्या निबंधाला १.७ होते. आमच्याकडे दहापैकी गुणांक धरतात, त्यामुळे परीक्षा विभागातल्या कर्मचाऱ्यांनी चारही विषयांत मी अनुत्तीर्ण असल्याची नोंद करून फाइल पुढे पाठवली. मला हे आठ दिवसांनी कळले. उताऱ्याच्या मागच्या पानावर श्रेणींचा अर्थ छापलेला होता. त्याची प्रत, तिकडच्या समन्वयकांचे पत्र आणि लर्निंग अॅग्रीमेंट असा संच पुन्हा दिला. त्या आठ दिवसांचा राग माझ्या मनात अजून आहे, कारण मागचे पान उलटायला अर्धा मिनिट पुरले असते. उतारा देताना ते पान वर लावून, त्यावर खूण करून द्यावे.

तीन विषय मान्य झाले. प्रात्यक्षिक मान्य झाले नाही, कारण लेखी काही नव्हते. ते मी जूनमध्ये कनिष्ठ विद्यार्थ्यांसोबत पूर्ण केले. तिसऱ्या सत्राची गुणपत्रिका २२ जुलै २०२४ रोजी मिळाली. तीन विषयांपुढे लाइपझिगचा उल्लेख आहे आणि वर नाव छापले आहे: आधी आडनाव, मग माझे, मग बाबांचे. प्रतिज्ञापत्राची उरलेली एक प्रत मी या गुणपत्रिकेच्याच पाकिटात ठेवली आहे.